काळ्याची फोड

कागद भिजवायचा नसतो, पाजायचा असतो.
हे मला बीएस्सीत कुणी सांगितलं नव्हतं.
अक्कलकोट रोडच्या डाय हाऊसमध्ये
लोणच्याच्या बरणीसमोर एक उन्हाळा काढल्यावर कळलं.

पट्टीच्या तळापासून दोन बोटं वर
पेन्सिलीची रेघ. पेनाची नाही,
पेनाची शाई स्वतःच पळत सुटते,
मग आरोपी कोण, साक्षीदार कोण, कळत नाही.
रेघेवर दोन ठिपके:
डावीकडे दिवाळीआधीच्या पिंपातला काळा,
उजवीकडे आत्ताच्या.
दोन्ही तव्याच्या बुडासारखे. डोळ्यांना फरक नाही.

बाहेर परत आलेले टॉवेल, अकराशे नग,
पांढऱ्या काठावर जांभळट ओघळ.
मालक फोनवर ओरडतायत:
"नरसय्यानं फिक्सर मारला, दुसरं काय!"
आणि नरसय्या कोंगारी,
एकतीस वर्षं वाफेत उभा राहिलेला,
नखं कायमची निळी,
दारात बसून तंबाखू मळतोय.
मान वर करत नाही.

बरणीत मिठाचं पाणी, करंगळीच्या पेराएवढं.
ठिपके बुडू द्यायचे नाहीत.
बुडाले तर तिथेच विरघळतील,
चढायची वेळच येणार नाही.
झाकण लावायचं. हात मागे घ्यायचे.

पाणी चढतं.
पंप नाही, मोटर नाही,
कागदाच्या तंतूंना धरत धरत, आपलं आपण.
(आमच्या साखर पेठेत चार दिवसांआड येणारं पाणी
दुसऱ्या मजल्यावर चढत नाही,
त्याला हे कुणीतरी शिकवायला हवं.)
ठिपक्यापाशी पोचतं
आणि आतल्या एकेकाला विचारतं:
येतोस?

कुणी म्हणतो, नको, मी इथेच बरा.
कुणी चार पावलं जातो, मागे बघतो.
कुणी चप्पलसुद्धा न घालता निघतो.
कागद म्हणजे तरी काय, सुताचा चुलतभाऊ.
ज्याला कागद सोडवत नाही
त्याला टॉवेलही सोडवणार नाही.
जो पाण्यामागे धावला
तो पहिल्याच धुण्यात गेला समजा.

अर्धा तास.
डावा काळा जरासा लांबला,
शेपूट फुटल्यासारखा, पण काळाच.
उजवा उलगडला.
तळाशी गर्द निळा, हटून बसलेला.
मध्ये कसलासा विटकरी पट्टा.
आणि पार वर, पाण्याच्या कडेला लगटून,
जांभळा.
काठावरचाच जांभळा.

पट्टी काढली, ओली असतानाच पाण्याची हद्द आखली.
वाळल्यावर पाणी कुठवर आलं होतं
ते कुणी कबूल करत नाही.
पाणी चाललं नव्वद मिलिमीटर,
जांभळा एक्क्याऐंशी. शून्य पूर्णांक नऊ.
निळा नऊ. शून्य पूर्णांक एक.
मालकांना अपूर्णांक नको होते,
पण पट्टी बघून त्यांनी फोन कानाचा काढला,
पावडरवाल्याचा नंबर लावला,
आणि तोच आवाज आता तिकडे सुरू झाला.
नरसय्याला कुणी काही म्हणालं नाही.

मीच पट्टी घेऊन दारात गेले.
घरात तेलुगू, बाजारात कानडी,
मालकांपुढे मराठी बोलणारा हा माणूस
माझ्यापुढे तिन्ही एकाच ठिपक्यात ठेवतो.
"एमम्मा, भेसळ आहे
हे मी पिंप उघडलं तेव्हाच वासावरनं ओळखलं."
"मग बोलला का नाही?"
"विचारलं कुणी?"

पट्टी उन्हात धरून बघत राहिला बराच वेळ.
निळ्याला त्यानं नखानं हात लावला,
जांभळ्याला लावलाच नाही.
मग मधल्या विटकरीवर बोट ठेवून म्हणाला,
"आणि हा? हा किती चालला?"

त्याचं माप घ्यायचं राहूनच गेलं होतं.
तक्रार त्याची नव्हती ना.
परत टेबलापाशी आले, फूटपट्टी शोधली,
वहीत दोन ओळींच्या मध्ये
जागा करून लिहायला लागले.